मदत हवी आहे : निनावी पानासाठी व्हीपीएन पुरेल का?

म्हादयकाठ : गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खाली होणाऱ्या जमिनींच्या झोनबदलांची माहिती देणारं फेसबुक पान काढायचंय. सत्तरीत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून नाव नको. व्हीपीएन (आपला आयपी, म्हणजे इंटरनेट पत्ता, लपवणारी सेवा) घेतलं तर भागेल? की सरकारी नियमाने तेही नोंदी ठेवतात?

कुळागर : सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, व्हीपीएन कंपन्यांना २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी, सगळं सेवा बंद केल्यावरही किमान ५ वर्षं जपायचं. म्हणूनच एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

पण तुमची गळती तिथे नाहीच. पान ज्या खात्यातून काढाल त्याला मोबाईल नंबर, नंबराला केवायसी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस नंबर फेसबुककडे मागू शकतात, नाव मोबाईल कंपनीकडे. व्हीपीएन मधे येतच नाही. शिवाय खोट्या नावाचं खातं तक्रार झाली की फेसबुक बंद करू शकतं. त्यापेक्षा ब्लॉग बरा. ईमेल आणि ब्लॉग दोन्ही टॉर ब्राउझरमधूनच (तो आपला आयपी साइटपासून लपवतो), नंबर न देता उघडा आणि पुढेही तिथूनच चालवा. घाईत एकदा टॉरशिवाय घरच्या वायफायवरून लॉगिन झालं की तो आयपी नोंदीत बसला. टॉर वापरताय हे इंटरनेटवाल्याला दिसतं, कुठली साइट ते नाही. तेही नको असेल तर सेटिंगमध्ये ब्रिज (टॉरचा वापर झाकणारा मार्ग) निवडा.

शेळपाण : आयपीपेक्षा कागद जास्त बोलतात. माहिती अधिकाराचं उत्तर टाकताना लोक आपलं नाव खोडतात आणि जावक क्रमांक तसाच ठेवतात. खात्यात वही उघडली की अर्जदार सापडला! राजपत्रातली सूचनाच वापरा, ती सगळ्यांना उपलब्ध असते. पीडीएफमध्ये नुसती काळी पट्टी ओढू नका, खालचा मजकूर कॉपी होतो. पान चित्र म्हणून नव्याने साठवा. मोबाईलच्या फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते, ती काढूनच टाका.

म्हादयकाठ : आणि व्हॉट्सअ‍ॅप गट? मूळ प्रेषक शोधता येतो म्हणतात.

कुळागर : २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या नियम ४(२) मध्ये ती अट आहे, ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांना. व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. पण गावच्या गटात तुमचा नंबर सगळ्यांसमोरच असतो, एक स्क्रीनशॉट पुरे. सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप घ्या, युजरनेम ठेवा. गोपनीयतेत फोन नंबराखाली दोन पर्याय आहेत : कोणाला दिसावा आणि कोणाला शोधता यावा. दोन्हीकडे 'कोणीही नाही'. पहिलाच बदलून भागत नाही; ज्याच्याकडे नंबर आहे तो तुमचं खातं शोधून काढतो.