हेन्री अनिएर: इतके देश, इतके क्लब, ह्या स्ट्रायकरचं करिअर नक्की कसं बघायचं?

मिरजकर_परदेशी
मंडळी एक विचारायचंय. नोकरीमुळे सध्या हाँगकाँगला आहे, इथली लीग मॅच असली की जमेल तसा मॉन्ग कॉक स्टेडियमला जातो. ली मॅन म्हणून एक क्लब आहे, कागद बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा, २०२३-२४ ला त्यांनी पहिल्यांदा लीग जिंकली आणि त्या टीममध्ये हेन्री अनिएर नावाचा एस्टोनियाचा फॉरवर्ड होता. उंचापुरा, पाठीशी डिफेंडर घेऊन बॉल धरणारा, ओरडाआरडा नाही, नाटकं नाहीत. मला त्याचा खेळ आवडला म्हणून घरी येऊन शोधलं तर क्लबांची यादी संपेचना. टालिनचं फ्लोरा, नॉर्वेत व्हायकिंग, मग स्कॉटलंडमध्ये मदरवेल, डंडी युनायटेड, हिबर्नियन, इन्व्हरनेस असे चार, मध्ये जर्मनीचं एर्झगेबिर्गे ऑए, स्वीडनचं काल्मार, फिनलंडचं लाहती, कोरियातलं सुवॉन, हॉलंडचं गो अहेड ईगल्स, परत घरी पायदे, तिथून थायलंडला मुआंगथाँग आणि मग इथे. आणि हे सगळं करताना नॅशनल टीममध्ये वर्षानुवर्षं सिलेक्ट होतोय!

माझा प्रश्न असा की असं करिअर बघून काय म्हणायचं? ऑफिसमधला एक जण म्हणाला की जो कुठेच टिकला नाही तो चांगला कसा. मला ते पटत नाही पण उत्तर पण देता येत नाहीये. एस्टोनियाच्या फुटबॉलबद्दल कोणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा.

---

निळी_जर्सी
मस्त विषय काढलात. थोडं लांबेल पण सांगते.

पहिली गोष्ट देश किती लहान आहे ते बघा. लोकसंख्या जेमतेम १३ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं शहर. तिथल्या टॉप लीगला मेस्तरीलीगा म्हणतात, १० टीम, आणि प्रत्येक टीम बाकीच्या नऊ जणांशी वर्षात चार चार वेळा खेळते, एकूण ३६ मॅच. आता स्ट्रायकरच्या बाजूने विचार करा, तेच सेंटरबॅक, म्हणजे मधले डिफेंडर, तुमच्यासमोर वर्षातून चारदा येणार, त्यांना तुमची प्रत्येक हालचाल पाठ होणार आणि तुम्हाला त्यांची. २०-२१ वर्षांचा पोरगा फ्लोरासारख्या क्लबमधून २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकला की तिथे शिकण्यासारखं फारसं उरत नाही, पैसाही मर्यादित. बाहेर पडणं हीच पुढची पायरी असते, नॅशनल टीमचे कोच लोकसुद्धा पोरांनी बाहेर जावं असंच धरून चालतात.

पण बाहेर म्हणजे कुठे? मोठ्या लीगचा क्लब एस्टोनियन लीगमधले गोल बघून डायरेक्ट मोठं कॉन्ट्रॅक्ट देत नाही. तो लोनवर घेतो, म्हणजे ठराविक मुदतीपुरता उसना, एक वर्षाचं देतो, एक अधिक एकचं (एक वर्ष, जमलं तर आणखी एक) देतो. म्हणजे प्लेयर पहिल्या दिवसापासून स्वतःला सिद्ध करण्याच्या मुदतीवर असतो, आणि स्ट्रायकरचं तर आणखी अवघड. डिफेंडर चार मॅच शांत खेळला तर कोणी काही बोलत नाही, स्ट्रायकरने चार मॅचमध्ये गोल केला नाही की नवा स्ट्रायकर शोधायला सुरुवात. त्यात मॅनेजर बदलला की संपलंच, नव्या माणसाला त्याची स्वतःची माणसं हवी असतात.

आणखी एक गोष्ट जी कोणी बघत नाही ती म्हणजे कॅलेंडर. एस्टोनिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इथे थंडीमुळे सीझन वसंतात सुरू होऊन शरदात संपतो, कोरियातही तसाच. स्कॉटलंड, जर्मनी, हॉलंडमध्ये ऑगस्ट ते मे. अनिएर काल्मारहून इन्व्हरनेसला गेला ते बघा. स्वीडनचा सीझन नोव्हेंबरात संपतो, म्हणजे शरीर सुट्टी मागत असतं, आणि स्कॉटलंडमध्ये जानेवारीत सीझन अर्ध्यावर आलेला, चिखल, वारा, खालच्या डिव्हिजनमध्ये जायची भीती असलेली टीम. प्री-सीझन नाही, टीममेट्सची ओळख नाही, आणि अपेक्षा काय तर आल्या आल्या गोल कर. इन्व्हरनेस त्या सीझनला प्रीमियरशिपमधून खाली गेलीच. अशा ठिकाणी सहा महिने खेळलेल्या माणसाला टिकला नाही म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

---

पेठकर_१०
सगळं मान्य पण एक उलट बाजू मांडतो. लहान देशातलेच काही जण टिकले ना? एस्टोनियाचाच रागनार क्लावान बघा, हॉलंडमध्ये राहिला, आउग्सबुर्गला राहिला, लिव्हरपूलपर्यंत गेला. मार्ट पूम गोलकीपर, डर्बीला किती वर्षं होता. म्हणजे देश लहान आहे हे कारण सगळीकडे लागू होत नाही. जो खरंच वरच्या दर्जाचा असतो त्याला क्लब धरून ठेवतो असं माझं मत आहे. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आफ्रिकेतून आलेले प्लेयर सीझनपुरते खेळून जातात, लोक त्यांच्यावर मनापासून प्रेम करतात, पण जो सगळ्यात भारी असतो त्याला तालीमवाले पुढच्या वर्षी परत बोलावतातच.

---

ग्लासगोकर
पेठकर, तुम्ही सांगितलेल्या दोन नावांमध्येच उत्तर आहे बघा. क्लावान डिफेंडर, पूम गोलकीपर. ह्या दोन्ही जागा अशा की एकदा बसलात की बसलात. फॉरवर्डचं तसं नसतं.

मी इथे बरीच वर्षं आहे आणि मदरवेलचा २०१३-१४ चा सीझन चांगला लक्षात आहे. मदरवेल म्हणजे ग्लासगोच्या बाहेरचं जुनं पोलादाचं गाव, क्लब लहान, पैसा नाही, प्रत्येक उन्हाळ्यात अर्धी टीम जाते आणि नवी येते. स्टुअर्ट मॅकॉल मॅनेजर होते. त्यांनी अनिएरला आणलं आणि त्याने पहिल्याच वर्षी लीगमध्ये बरे गोल केले. त्या वर्षी मदरवेल सेल्टिकच्या खालोखाल दुसरी आली, शेवटच्या दिवशी अ‍ॅबरडीनला जाऊन शेवटच्या मिनिटाला गोल करून दुसरा नंबर खेचला, अख्खं गाव वेडं झालं होतं. आता दुसऱ्या नंबरच्या टीमचा स्ट्रायकर म्हटल्यावर जर्मनीच्या सेकंड डिव्हिजनची ऑफर आली तर कोण नाही म्हणेल, पगार जास्त, लीग मोठी. गेला बिचारा ऑएला आणि ती टीम त्याच सीझनमध्ये खाली गेली. तिथे जम बसला नाही म्हणून लोनवर परत स्कॉटलंड, डंडी युनायटेड. त्याने मदरवेलला आणखी दोन वर्षं काढली असती तर कदाचित आज तुमच्या ऑफिसातला माणूस त्याला टिकलेला म्हणाला असता. पण २३ वर्षांच्या पोराने मोठी संधी सोडावी असं आपण कुठल्या तोंडाने सांगणार.

आणि इथली लीग पण अंगावर येणारी. १२ टीम, प्रत्येकाशी तीनदा, मग लीग दोन भागात तुटते आणि परत पाच मॅच. डिफेंडर धसमुसळे. उंच स्ट्रायकरकडून इथे एकच काम मागतात, लांबून आलेला बॉल छातीवर घे, मार खा आणि दुसऱ्याला दे. गोलांचा आकडा लहान दिसतो पण काम मोठं असतं. ते स्टँडमधल्या लोकांना कळतं, कागदावर दिसत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट पण सांगतो. अनिएर २०१३ ला इथे सहज येऊ शकला कारण एस्टोनिया २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, परमिटची कटकट नव्हती. त्याच्या आधीच्या पिढीला ब्रिटनमध्ये यायचं तर नॅशनल टीमच्या ७५ टक्के मॅच खेळलेल्या पाहिजेत, देशाचं रँकिंग वर पाहिजे असले नियम होते. आणि ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून परत पॉइंट्सवर परमिट सुरू झालं. म्हणजे आज फ्लोराचा तसाच एखादा पोरगा मदरवेलला यायचं म्हणेल तर त्याला ती दारं तेवढी उघडी नाहीत. अनिएरची पिढी ह्या दोन भिंतींच्या मधल्या काळात खेळली.

---

जुना_वाचक
ग्लासगोकरांनी आधीच्या पिढीचा विषय काढला म्हणून आंद्रेस ओपरबद्दल लिहितो, कारण त्याच्याशिवाय एस्टोनियन फॉरवर्डची गोष्ट पूर्ण होत नाही.

ओपर १९७७ चा, जन्म टालिनचा, तेव्हा ते सोव्हिएत युनियनमध्ये होतं. देश स्वतंत्र झाला १९९१ ला आणि हा १९९५ ला नॅशनल टीममध्ये, वय १७. फ्लोराकडून खेळून १९९९ ला डेन्मार्कच्या आल्बोर्गला गेला. त्याच वर्षी आपला बायचुंग भूतिया इंग्लंडला बरीला गेला होता, वयही दोघांचं साधारण एकच, त्यामुळे मला हे दोघं नेहमी एकत्र आठवतात. ओपर पुढे रशियात मॉस्कोला खेळला, मग हॉलंडमध्ये केर्कराडच्या रोडा क्लबला चार वर्षं, नंतर शांघाय, परत हॉलंडमध्ये हेग, शेवटी सायप्रस. म्हणजे हाही भटकाच. पण देशासाठी १३४ मॅच आणि ३८ गोल, एस्टोनियाचा सगळ्यात जास्त गोल करणारा माणूस, त्याचाच टीममेट झेलिन्स्की २७ वर दुसरा.

त्याची एक मॅच मी कधी विसरणार नाही. २ जून २००१, टालिनमध्ये लिलेकुलाचं नवीन स्टेडियम उघडलं ते हॉलंडविरुद्धच्या वर्ल्ड कप क्वालिफायरने. समोर क्लाइव्हर्ट, व्हॅन निस्टलरॉय, कोकू असली माणसं. आणि त्या स्टेडियमवरचा पहिला गोल कोणी केला, तर ओपरने! हॉलंडने बरोबरी केली, झेलिन्स्कीने परत पुढे नेलं, २-१, मॅच संपायला थोडाच वेळ उरलेला, आणि मग हॉलंडने तीन गोल करून ४-२ ने मॅच काढली. हॉलंड शेवटी त्या वर्ल्ड कपला पोचलंच नाही. एस्टोनियात अजून लोक हरलेल्या त्या मॅचबद्दल अभिमानाने बोलतात, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. स्वतःचं राष्ट्र होऊन दहा वर्षं झाली होती, स्वतःचं नवं मैदान, आणि काही मिनिटं तरी हॉलंड मागे.

ओपर रिटायर झाला तोही त्याच मैदानावर, मे २०१४ ला जिब्राल्टरविरुद्ध.

तर पेठकर, क्लबने किती वर्षं ठेवलं हा एक निकष झाला. ज्या देशात निवडायला मुळात मोजकेच व्यावसायिक फॉरवर्ड आहेत तिथे दुसरा निकष मोठा असतो, गरज पडेल तेव्हा विमान पकडून येतोस का आणि खेळण्याइतका फिट आहेस का. सर्गेई झेन्योव पण तसाच, लविव, ब्लॅकपूल, मॉस्को, अझरबैजान, पोलंड, कझाकस्तान, आणि बोलावलं की एस्टोनियासाठी हजर.

---

पेठकर_१०
जुना वाचक, नॅशनल टीमचा मुद्दा जोरदार आहे, तो मला पटला. पण क्लबचं माझं मत अजून तेच आहे, मोठ्या लीगमध्ये एखाद्या फॉरवर्डने पाय रोवलेला मला बघायचाय त्या देशाचा.

एक विचारू का, सुवॉन, थायलंड, हाँगकाँग हे पैशासाठीच ना?

---

निळी_जर्सी
पैसा असणारच, त्यात वाईट काय आहे? फॉरवर्डचं करिअर पस्तिशीला संपतं, तोवर घर चालवायचं, पुढचं बघायचं. पण फक्त पैसा म्हणाल तर मधलं पायदेचं वळण कुठे बसवणार?

सुवॉनला तो कोरियाच्या सेकंड डिव्हिजनला खेळला, मग हॉलंडला गो अहेड, तेही सेकंड डिव्हिजन, जम बसला नाही, वय तिशीला आलेलं. अशा वेळी बरेच जण एजंटने दाखवलेल्या पुढच्या देशात जातात. हा घरी परत आला, आणि घरी म्हणजे टालिनच्या मोठ्या क्लबला नाही तर पायदेला. पायदे हे एस्टोनियाच्या मधोमध दहा हजारांच्या आतलं गाव, क्लबच्या नावाचा अर्थच पायदे शहराची टीम. तिथे २०२१ ला तो अख्ख्या लीगचा टॉप स्कोरर झाला. मी ते त्याच्या करिअरमधलं सगळ्यात सुंदर वर्ष मानते. दहा वर्षं वेगवेगळ्या लीगचा मार खाऊन आल्यावर तेच चार वेळा समोर येणारे सेंटरबॅक त्याला थांबवू शकले नाहीत. मी वर म्हटलं की त्या लीगमध्ये शिकण्यासारखं उरत नाही, तर बाहेर जाऊन तो काय शिकला ते ह्या एका सीझनमध्ये दिसतं.

मग थायलंड. आशियातल्या लीगमध्ये परदेशी प्लेयरचा कोटा असतो, आपल्या आयएसएलमध्ये पण आहे, आणि ती जागा क्लब उगीच कोणालाही देत नाहीत. कोट्यातला स्ट्रायकर म्हणजे गोल त्यानेच करायचे, सबब चालत नाही. त्या काळात नॅशनल टीमचंही चाललेलंच होतं, २०२२ च्या नेशन्स लीगमध्ये (युरोपातल्या नॅशनल टीमची स्पर्धा) एस्टोनिया सॅन मरिनो आणि माल्टाच्या ग्रुपमध्ये होतं, चारही मॅच जिंकले आणि त्यात अनिएरचे गोल आहेत. बँकॉकहून टालिन, खेळायचं, परत बँकॉक, जवळपास आठ हजार किलोमीटर लांबून, उकाड्यातून थंडीत.

---

मिरजकर_परदेशी
अरे वा, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. कॅलेंडरचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता, आता क्लबांची यादी परत बघताना प्रत्येक बदलाच्या पुढे महिना लिहून ठेवतोय, काही काही वर्षी त्याला सलग सुट्टीच मिळालेली दिसत नाही. ओपरची हॉलंडची मॅच पण शोधून बघतो.

अजून एकच प्रश्न. २०१२ च्या युरोला एस्टोनिया थोडक्यात राहिलं असं कुठेतरी वाचलं, ते कसं झालं?

---

जुना_वाचक
ग्रुपमध्ये इटलीच्या मागे दुसरे आले, सर्बिया आणि स्लोव्हेनियाला मागे टाकून. बेलग्रेडला जाऊन सर्बियाला ३-१ ने हरवलं होतं ऑक्टोबर २०१० मध्ये. कोच तार्मो र्‍यूत्ली, मिडफिल्डला कॉन्स्टंटिन वासिल्येव जबरदस्त फॉर्मात. सुरुवात आठवते का कोणाला, फेरो आयलंड्सशी घरच्या मैदानावर ०-१ ने मागे, ९० मिनिटं झालेली, आणि जादा वेळेत साग आणि पीरोया ह्यांचे दोन गोल. त्या दोन गोलांशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

प्लेऑफ, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या दोन मॅच, पडला आयर्लंडशी नोव्हेंबर २०११ ला. टालिनमध्ये एस्टोनियाच्या दोघांना रेड कार्ड आणि ०-४, डब्लिनला १-१. पहिल्याच मॅचला सगळं संपलं होतं. तरी एस्टोनिया मोठ्या स्पर्धेच्या इतक्या जवळ त्याआधी कधी पोचलं नव्हतं. बेलग्रेडची मॅच मिळाली तर बघाच, हॉलंडच्या आधी ती बघा.