उठून गेलेली गावं: सुट्टीतल्या गाडीप्रवासाचे तुमचे अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन गाडीने लांब निघालात आणि वाटेत एखादं ओसाड पडलेलं गाव पाहिलंत, असं झालंय का? मग इथे लिहा. भुताखेतांच्या गोष्टी नकोत. गाव का उठलं, मागे काय उरलं आणि मुलांनी काय विचारलं, ते वाचायचंय. सुरुवात मी करते.

जुलैत आम्ही कॅलिफोर्नियातून ३९५ नंबरच्या हायवेने चाललो होतो, तेव्हा बोडीचा फाटा घेतला. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, गाडी नुसती खडखडत होती. आणि मग अचानक समोरच्या उतारावर उन्हाने काळपटलेली लाकडी घरं. उंची आठ हजार फुटांच्या वर, त्यामुळे ऊन चटका देणारं आणि वारा मात्र गार. १८५९ मध्ये इथे सोनं सापडलं, १८८० च्या आसपास हजारो माणसं राहत होती. पुढे खाणी आटल्या, १९३२ च्या आगीत बराचसा गाव जळाला.

बहुतेक घरांत जाता येत नाही, खिडकीतून बघायचं. माझी नऊ वर्षांची मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली. आत टेबल, खुर्च्या, भिंतीवरचा फाटून लोंबणारा कागद. शाळेत बाकं तशीच, दुकानाच्या फळ्यांवर डबे तसेच. "आई, यांनी सामान का नाही नेलं?" मी सांगितलं की इतक्या आडजागेवरून सामान वाहून न्यायचा खर्च सामानापेक्षा जास्त होता. तिला ते पटलं नाही. "पण बाहुलीला कुठे खर्च येतो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१९६२ पासून हे गाव राज्याच्या ताब्यात आहे. छप्पर गळलं तर दुरुस्त करतात, भिंत कलली तर टेकू देतात, पण नवं रूप द्यायचं नाही असा त्यांचा नेम आहे. मला हे फार आवडलं.

धाकट्याने वाटेत एक गंजलेला खिळा उचलून खिशात टाकला होता. तिथल्या छोट्या संग्रहालयात लोकांची पत्रं लावलेली आहेत: इथून काहीतरी उचलून नेलं, मग घरात एकामागून एक संकटं आली, म्हणून परत पाठवतोय. ताईने ती त्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण आम्ही पुन्हा वर चढलो आणि खिळा नेमका कुठे पडला होता ती जागा शोधत अर्धा तास फिरलो. सापडली असं तो म्हणतो.

—

बोडीला जाणाऱ्यांसाठी: आत खायला काही मिळत नाही, पेट्रोल नाही. पाणी, टोप्या आणि गार वाऱ्यासाठी एकेक जाडसर कपडा गाडीत हवाच. आम्ही लहान बाळाला घेऊन गेलो होतो, म्हणून कळकळीने सांगते.

—

आम्ही नेवाडातलं ऱ्हायोलाइट पाहिलं, डेथ व्हॅलीच्या कडेला. चूक एकच, भर दुपारी गेलो. गाडीचं दार हाताला भाजत होतं. १९०४ मध्ये सोनं सापडलं, बघता बघता तीन मजली बँक उभी राहिली, आणि १९२० पर्यंत गाव जवळजवळ रिकामं. आता त्या बँकेच्या नुसत्या भिंती उरल्यात, खिडक्यांच्या भोकांतून आभाळ दिसतं. मुलांना आवडलं ते बाटल्यांचं घर. लाकूड मिळेना म्हणून एकाने सुमारे ५०,००० बाटल्या रचून भिंती उभारल्या. उन्हाळ्यात जायचं तर सकाळी सातला पोचा.

—

आमचं गाव सोन्याने नाही, समुद्राने उठवलं. धनुष्कोडी. माझे सासरे रेल्वेत होते, त्यांचा हट्टच होता. रामेश्वरम करून मे महिन्यात आम्ही पुढे गेलो. दोन्हीकडे समुद्र आणि मधून सरळ रस्ता.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट समुद्राने नेली. शंभरावर माणसं गेली. स्टेशनाच्या पडक्या भिंतीपाशी सासऱ्यांनी चपला काढल्या आणि तापलेल्या वाळूत तसेच उभे राहिले. माझा मुलगा त्यांचा हात धरून म्हणाला, "आजोबा, ड्रायव्हरला दिसलं नसेल का?" ते म्हणाले, "रात्र होती रे, आणि पाऊस. पुढे गाडी न्यायची, एवढंच त्याला माहीत." संध्याकाळपर्यंत ते फारसं बोलले नाहीत.

पण या गावाला ओसाड म्हणायला माझं मन धजत नाही. सरकारने राहायला अयोग्य ठरवलं, तरी कोळ्यांची कुटुंबं तिथे आहेत. एका झोपडीशी आम्ही पाणी मागितलं. त्या बाईंनी वाळूतल्या हातभर खड्ड्यातून लोटा भरून दिला. चारी बाजूंना समुद्र, आणि पाणी गोड. सासऱ्यांनी दोन लोटे प्यायले.