एसटीनं जाऊन पायी फिरण्यासारखं काय आहे?

प्रश्न: मी संभाजीनगरला राहतो, गाडी नाही, लाल परीच आपली. रविवारी सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल असं डोंगरात चालायला काय आहे? देवगिरी दोनदा झाला.

उत्तर १: दोनदा झाला तरी पावसाळ्यात परत जा की, सगळा हिरवागार असतो. खुलताबाद किंवा वेरूळची गाडी धरायची, पंधराएक किलोमीटरवर किल्ल्यासमोरच उतरायचं. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च पाहिजेच, मोबाईलच्या उजेडात मी पायरी चुकलो अन् गुडघा फोडून घेतला, वरून वटवाघळांचा वास!

उत्तर २: बीडकडं या ना मग. मांजरसुंब्याला उतरा, तिथून कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी अन् पावसात धबधबा. दगडावर शेवाळ लई, चपला घालून जाऊ नका. पण इतक्या लांबून एका दिवसात धावपळच होईल बघा.

उत्तर ३: आमच्या धाराशिवचं येडशी रामलिंग कुणी सांगंना! दरीत मंदिर, भोवती अभयारण्य, माकडं हातातली पिशवी ओढतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, घरच्यांनाही आणा.

प्रश्नकर्ता: येडशीला मुक्कामीच यावं लागंल राव. या रविवारी देवगिरी, टॉर्च घेतली.

उत्तर १: परतीच्या गाडीचं आधीच कंडक्टरला विचारून ठेवा.