डब्ल्यूआर८४१एन वर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, आता वायफायच दिसत नाही

सिडको_नाशिक: टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन राउटर आहे, खाली स्टिकरवर व्हर्जन १३ लिहिलंय. काल रात्री टीएफटीपीने (केबलवरून राउटरला फाइल पाठवायची साधी पद्धत) ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलं, लॅपटॉपला १९२.१६८.०.२२५ आयपी दिला, फाइलचं नाव बदलून टीपी_रिकव्हरी डॉट बिन केलं, रिसेट दाबून पॉवर चालू केली, फाइल गेली, लाइट लुकलुकून राउटर रीबूटही झाला. पण आता मोबाइलमध्ये वायफायचं नाव दिसतच नाही आणि लॅपटॉपवर १९२.१६८.०.१ पण उघडत नाही. मेला का राउटर? बहिणीची ऑनलाइन परीक्षा आहे परवा, प्लीज सांगा.

तारवाला: काही मेला नाहीये, घाबरू नका. ओपनडब्ल्यूआरटी नवीन टाकलं की वायफाय बंदच असतं, ते आपण आत जाऊन चालू करायचं असतं, आणि राउटरचा पत्ता आता १९२.१६८.१.१ झालाय. तुम्ही लॅपटॉपला हाताने दिलेला आयपी काढला का? बहुतेक नसेल काढला. तो ऑटोमॅटिकवर ठेवा, केबल पिवळ्या लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टात लावा (निळ्यात नाही, तो वॅन, बाहेरून नेट येण्याचा) आणि मग हा पत्ता उघडा. यूजर रूट, पासवर्ड रिकामा. आत गेल्यावर सगळ्यात आधी पासवर्ड ठेवा, मग वायफाय.

कोकणातला_मी: माझ्याकडे पण ८४१एनच आहे पण व्हर्जन १४, हीच फाइल चालेल ना?

तारवाला: नाही हो, अजिबात टाकू नका. डबा सारखाच दिसतो पण १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम आहे, १४ मध्ये ४ आणि ३२. आताचं ओपनडब्ल्यूआरटी त्यात मावतच नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या १९.०७ या जुन्या रिलीजपर्यंतच ४/३२ वाल्यांसाठी सोय होती आणि त्या रिलीजला आता सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, इंटरनेटच्या तोंडावर असा राउटर ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. कंपनीचंच फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) राहू द्या. मॉडेलचं नाव बघून डाउनलोड करू नका, स्टिकरवरचं व्हर्जन बघा, लोकांचे राउटर इथेच अडकतात.

सिडको_नाशिक: दादा उघडलं!! आयपी तसाच राहिला होता खरंच. वायफाय पण आलं पण नेट येत नाहीये. फायबरवाल्याने दिलेल्या डब्यातून केबल निळ्या पोर्टात लावलीये.

रात्रपाळी: मध्येच बोलतो, त्या फायबरच्या डब्याचा पत्ता पण १९२.१६८.१.१ च आहे का बघा. बऱ्याच जणांकडे असतो. दोन्ही बाजूंना एकच पत्ता आला की राउटरला कळतच नाही पॅकेट कुठे पाठवायचं, माझे यात अख्खे दोन दिवस गेले होते. नेटवर्क, इंटरफेसेस, लॅन मध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.२.१ करा. सेव्ह केल्यावर ब्राउझर नवीन पत्त्यावर पोचला नाही तर राउटर थोड्या वेळाने जुनी सेटिंग परत आणतो, म्हणून बटणाशेजारचा बाण दाबून 'अप्लाय अनचेक्ड' निवडा, मग केबल काढून लावा आणि नवीन पत्त्यावर जा.

सिडको_नाशिक: तोच पत्ता होता. २.१ केला आणि नेट चालू झालं, बहिणीच्या लॅपटॉपवर मॉक टेस्ट पण उघडून बघितली. दोघांचेही खूप आभार.