परवान्यातली 'अट' की 'शर्त'? आणि ती मोडली तर भंग कशाचा?

शेवंता:
मंडळी, एका शब्दावर अडलेय, मदत हवीये. आम्ही काही जण मिळून ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या लायसन्सांची माहिती मराठीत लिहितोय, कॉलेजातल्या मुलांना वाचून समजेल अशी. ओपन सोर्सला 'मुक्तस्रोत', लायसन्सला 'परवाना', कॉपीराइटला 'प्रताधिकार' हे शब्द ठरले, त्यावर फार वाद झाला नाही. अडलंय ते 'कंडिशन'वर. आपण सगळीकडे 'अटी व शर्ती' अशी जोडी डोळे झाकून लिहितो, जाहिरातीच्या तळाला बारीक अक्षरात असते ती, आणि दोन्हीचा अर्थ एकच धरतो. पण ह्या विषयात तेवढ्यावर भागत नाही, कारण लायसन्समधलं एखादं वाक्य 'कंडिशन' आहे की 'कव्हेनंट', म्हणजे घेणाऱ्याने दिलेला नुसता शब्द आहे, ह्या एका मुद्द्यावर अमेरिकेत अख्खी केस फिरलीय.

जेकबसन विरुद्ध कॅट्झर. विषय मॉडेल रेल्वेचा, घरात रूळ मांडून छोट्या गाड्या चालवायचा छंद असतो तो. जेकबसन हे बर्कलीचे फिजिक्सवाले, त्यांच्या जेएमआरआय प्रकल्पात 'डीकोडरप्रो' नावाचं सॉफ्टवेअर होतं, बऱ्याच जणांनी मिळून लिहिलेलं आणि 'आर्टिस्टिक लायसन्स'खाली कुणालाही फुकट मिळणारं. कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फायली आपल्या विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या आणि लेखकांची नावं, प्रताधिकाराची सूचना, मूळ कुठून घेतलं, काय बदल केले, ह्यातलं काहीच ठेवलं नाही. लायसन्स म्हणत होतं की खुशाल बदला, खुशाल वाटा, 'प्रोव्हायडेड दॅट' तुम्ही अमुक अमुक कराल.

२००७ मध्ये खालच्या कोर्टाने म्हटलं की लायसन्स मुद्दामच ऐसपैस ठेवलंय, वापरायची परवानगी सगळ्यांना दिलेलीच आहे, तेव्हा नावं गाळली हा फार तर करारभंग. आता करारभंग म्हटला की पहिला प्रश्न येतो नुकसान किती झालं, आणि जी गोष्ट फुकट वाटलीय तिचं नुकसान आकड्यात दाखवायचं कसं? १३ ऑगस्ट २००८ ला वरच्या कोर्टाने, फेडरल सर्किटने, हा निकाल फिरवला. कॅलिफोर्नियाच्या करार कायद्यात 'प्रोव्हायडेड दॅट' हे शब्द साधारणपणे कंडिशनच दाखवतात असं सांगितलं. म्हणजे ती पाळली तर परवानगी, नाही पाळली तर परवानगीच नाही, आणि परवानगी नसताना नक्कल केली तर ते सरळ प्रताधिकाराचं उल्लंघन. शिवाय पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचं काही आर्थिक हित नसतं असं नाही, हेही कोर्टाने स्पष्ट म्हटलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पुढे २०१० मध्ये तडजोड झाली, कॅट्झर यांनी १ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

तर मराठीत ह्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द हवेतच. 'अट' मला ढोबळ वाटतो. 'शर्त' कसा वाटतो?

मोडीप्रेमी:
'अट'च ठेवा हो. शर्त म्हटलं की आजकालच्या मुलांना हिंदीतली पैज आठवते. अट सगळ्यांना कळतो, 'ह्या अटीवर देतो' म्हटलं की पाचवीतल्या पोरालाही कळतं की हे केलं नाहीस तर मिळणार नाही. तुम्हाला तेच तर म्हणायचंय. आपल्याकडे 'बोली' पण आहे की, 'परत करायच्या बोलीवर नेलं'. पण बोली तोंडी वाटते आणि लिलावातल्या बोलीशी घोळ होईल.

बांधावरून:
शेवंताताई, 'शर्त' बिनधास्त घ्या. हिंदीची भीती कशाला, महसूल खात्यात हा शब्द रोज वापरतात आणि नेमका तुम्हाला हवा त्याच अर्थाने वापरतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलंय त्यांना विचारा. सरकारने दिलेली जमीन 'नवीन अविभाज्य शर्तीची' असते, म्हणजे कसायला दिली, पण परवानगीशिवाय विकायची नाही, नजराणा भरायचा, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची, आणि हे न करता परस्पर विकली तर त्याला करारभंग कोणी म्हणत नाही, त्याला 'शर्तभंग' म्हणतात, आणि शर्तभंग झाला की जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते. नुकसान किती झालं हा प्रश्नच तिथे पहिला नसतो, देणं ज्याच्यावर टिकून होतं तेच मोडलं म्हणून धरलेलंच हातातून जातं. तेच मी शेजाऱ्याला जमीन खंडाने दिली आणि तो म्हणाला होता बांध दुरुस्त करून देईन आणि नाही केला, तर ते वेगळं, तिथे मी भरपाई मागीन, दिवाणी दावा लावीन. हे दोन प्रकार आमच्याकडे अडाणी माणसालाही वेगवेगळे कळतात. तुमच्या त्या रेल्वेवाल्या केसमध्ये खालचं कोर्ट खंडाचा न्याय लावत होतं आणि वरच्याने वर्ग-२ चा लावला, असं मी समजलो, चूक असेल तर सांगा.

शेवंता:
अगदी बरोबर समजलात दादा! 'शर्तभंग' हा शब्द तयार आहे आणि आम्ही इंग्रजीवरून नवीन घडवत बसलो होतो.

आणि 'शर्त'च्या बाजूने अजून एक. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या ५१ व्या कलमात उल्लंघन कशाला म्हणायचं ते दिलंय. मालकाचा परवाना नसताना केलं तर उल्लंघन, हे तर झालंच, पण तिथेच पुढे असंही आहे की दिलेल्या परवान्याच्या कंडिशनच्या विरुद्ध केलं तरी उल्लंघन. म्हणजे अमेरिकेत जे वरच्या कोर्टाने अर्थ लावून काढलं ते आपल्याकडे कायद्याच्या मजकुरातच लिहिलेलं आहे. आणि संगणक प्रोग्रॅम आपल्या कायद्यात 'साहित्यकृती'मध्ये मोडतो, त्यामुळे जीपीएलखालचा, म्हणजे पुढे वाटताना सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) द्यायला सांगणाऱ्या मुक्तस्रोत परवान्याखालचा, कोड घेऊन इथे कोणी सोर्स न देता विकला तर पहिला प्रश्न हाच येणार की मोडलेलं वाक्य ही परवान्याची शर्त होती का. इतक्या ठिकाणी मी 'फुकटचं आहे, घ्या, कोण विचारतंय' हे ऐकलंय की आता राग येतो.

टर्मिनल:
चर्चा छान चाललीय, फक्त एक ब्रेक लावतो. लायसन्समध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य शर्त नसतं, असं सरसकट लिहिलंत तर मुलं चुकीचं शिकतील. २०१० ची एमडीवाय विरुद्ध ब्लिझर्ड बघा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या गेममध्ये आपोआप खेळणारा बॉट वापरू नका असं नियमात होतं, बॉट एमडीवायने बनवला, लोकांनी वापरला, गेमवाली कंपनी ब्लिझर्ड म्हणाली प्रताधिकाराचं उल्लंघन. अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने म्हटलं की नाही, हा नियम कव्हेनंट आहे, आणि मुळात मोडलेली गोष्ट नक्कल करणं, बदल करणं, वाटणं अशा प्रताधिकारातल्या हक्कांना भिडली पाहिजे, तरच ते उल्लंघन. म्हणजे मी लायसन्समध्ये लिहिलं की हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने रोज सूर्यनमस्कार घालावेत, तर ते न घातल्याने प्रताधिकार मोडत नाही.

जीपीएलचं उलट आहे, त्यात जे मागितलंय ते सगळं वाटण्याशीच बांधलेलं आहे. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीचं चौथं कलम वाचा, ह्या परवान्यात सांगितल्याप्रमाणे सोडून दुसऱ्या कुठल्या रीतीने नक्कल, बदल, वाटप केलंत तर तुमचे हक्क आपोआप संपतात. जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाने मे २००४ मध्ये नेटफिल्टर ह्या जीपीएलखालच्या प्रकल्पाच्या बाजूने साईटकॉम कंपनीविरुद्ध मनाई कायम केली ती ह्याच कलमाच्या जोरावर, शर्त मोडली की हक्क गळून पडतो असाच अर्थ तिथे लावला.

मोडीप्रेमी:
बरं, शर्त मान्य, माझा हट्ट नाही. पण मग 'उल्लंघन'ला काय? कोणीतरी नक्की 'हक्कभंग' लिहील, आणि ते करू नका. हक्कभंग आपल्याकडे विधिमंडळाने कधीच घेऊन टाकलाय, पेपरात 'हक्कभंग प्रस्ताव' वाचला की आमदाराचा किंवा सभागृहाचा विशेषाधिकार एवढंच डोक्यात येतं. 'प्रताधिकारभंग' लांब आहे पण स्पष्ट आहे. प्रताधिकाराला काही जण 'स्वामित्वहक्क' म्हणतात, तोही मला आवडत नाही, कारण गौण खनिजाच्या रॉयल्टीला सरकारी कागदात 'स्वामित्वधन' म्हणतात आणि ते जवळजवळ बसलं की वाचणारा वाळूच्या ट्रकपर्यंत पोचतो.

कलमदान:
उशिरा आलो. मी कायद्यांच्या मराठी मजकुरावर काम करतो त्यामुळे 'प्रोव्हायडेड दॅट'वर लिहिल्याशिवाय राहवत नाही. अधिनियमांच्या मराठी पाठात त्याला 'परंतु' लिहायची पद्धत आहे, स्वल्पविराम देऊन, आणि त्या भागाला 'परंतुक' म्हणतात. कायद्यात ते ठीक आहे, वाचणारा वकील असतो. पण लायसन्सच्या भाषांतरात कोणी सवयीने 'तुम्ही वाटू शकता, परंतु लेखकाचे नाव द्यावे' असं लिहिलं तर साध्या मराठीत तो नुसता 'पण' झाला. आधी परवानगी दिली, मग एक विनंती जोडली, असं ते वाचलं जातं. म्हणजे जेकबसनच्या खालच्या कोर्टाने जो अर्थ काढला तोच तुम्ही भाषांतरात आधीच घालून ठेवला. त्याऐवजी शर्त वाक्यात आधी आणा: 'लेखकाचे नाव व ही सूचना कायम ठेवण्याच्या शर्तीवरच तुम्हाला वाटपाची परवानगी आहे.' हा 'वरच' सोडू नका, सगळा भार त्या 'च'वर आहे.

फ्रान्सचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून सांगतो, तिथेही नेमका हाच झगडा होता. आंत्रूवेर ह्या छोट्या कंपनीची 'लासो' नावाची लायब्ररी (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा तयार कोड), जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालची, ती ऑरेंज कंपनीने सरकारी पोर्टलच्या कामात वापरली. पॅरिसच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं की हा कराराचा मामला, प्रताधिकारभंगाचा दावा चालणार नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कूर द कासासियाँने, ऑक्टोबर २०२२ मध्ये ते रद्द केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील कोर्टाने प्रताधिकारभंग मानून भरपाई दिली, ५ लाख युरोपेक्षा जास्त. कोर्टात आले होते २०११ मध्ये. छोट्या कंपनीने तेवढी वर्षं तग धरली ह्याचं मला खरंच कौतुक आहे.

टर्मिनल:
आणि जीपीएलच्या लोकांना स्वतःला हा करार म्हणवून घ्यायचं नव्हतं, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत की हे लायसन्स आहे, कॉन्ट्रॅक्ट नाही. पुढे मात्र उलटाही प्रयत्न झालाय. जीपीएलचा कोड टीव्हीत वापरणाऱ्या व्हिझिओ कंपनीवर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला तो करारच धरून. कारण प्रताधिकारभंगाचा दावा ज्याच्याकडे कोडचा प्रताधिकार आहे तोच लावू शकतो, पण करार मानला तर ज्या गिऱ्हाइकासाठी ती सोय केलीय ते गिऱ्हाईकही म्हणू शकतं की मी टीव्ही घेतलाय, मला सोर्स द्या. त्यामुळे शेवंताताई, 'करार' शब्द सरसकट पुसू नका. 'शर्त' आणि 'करारातलं वचन' दोन्ही ठेवा, कुठे कुठलं ते सांगा.

बांधावरून:
एक विचारू का, शर्तभंग झाला तर आमच्याकडे दंड भरून 'नियमानुकूल' करून घेता येतो. ह्यात तशी काही सोय आहे की एकदा गेलं ते गेलंच?

शेवंता:
आहे दादा, आणि तुमचा शब्द तिथेही बसतो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत सोय नव्हती, हक्क गेला की मालकाकडूनच परत मिळवायचा, आणि मालक म्हणजे लिनक्सच्या बाबतीत शेकडो हजारो माणसं. जून २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आठव्या कलमात ती घातली. मालकाची नोटीस पहिल्यांदाच आली असेल आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर हक्क कायमचा परत. पैसे भरून मात्र नाही, शर्त पाळूनच. 'शर्तभंग नियमानुकूल करणे' असंच लिहिते.

टर्मिनल, तुमचं ब्लिझर्डचं उदाहरण घेतेय, व्हिझिओचंही. कलमदान, 'परंतु'चा मुद्दा तर आमच्या गटातल्या प्रत्येकाला पाठवला, कारण आमच्या कच्च्या मसुद्यात चार ठिकाणी तसंच होतं.

सध्या ठरलेलं असं: कंडिशन म्हणजे शर्त, कव्हेनंट म्हणजे वचन, टर्म्स म्हणजे नुसत्या अटी, ज्यात दोन्ही आलं. शर्त मोडली तर शर्तभंग आणि त्यातून प्रताधिकारभंग, वचन मोडलं तर करारभंग. 'अटी व शर्ती' ही जोडी आमच्या लिखाणातून काढून टाकतोय.

राहिला 'टर्मिनेट'. कोणी 'रद्द होणे' सुचवलंय.

कलमदान:
'रद्द' नको. रद्द कोणीतरी करावं लागतं, आदेश लागतो, तारीख लागते. जीपीएलमध्ये कोणी काही करत नाही, हक्क आपोआप जातो. 'संपुष्टात येणे' लिहा.

मोडीप्रेमी:
+१, संपुष्टात येणे. आणि आधी 'आपोआप' लिहायला विसरू नका.