शिबिरात ताई म्हणून जाते. मुलांशी अहिराणीत बोलू की नको?

शहाद्याची लेक

नमस्कार. आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक आश्रमशाळा आहे. मे महिन्यात ती रिकामी असते, तेव्हा तिथे दहा दिवसांचं मुलांचं शिबिर भरतं. पाचवी ते नववी असे पाच उन्हाळे मी तिथे शिबिरार्थी होते. आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या वर्षापासून तिथेच गटताई म्हणून जाते.

आमच्याकडे ताई-दादा जवळजवळ सगळे जुने शिबिरार्थीच. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी ज्या दादानं मला दोरीची गाठ मारायला शिकवली, तोच आता शिबिरप्रमुख आहे. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडासुद्धा तोच. फक्त आता पहाटे साडेपाचला तो मी वाजवते.

पहिल्या वर्षी मी दहा वर्षांची होते. ओळख करून द्यायला उभी राहिले आणि "मनं नाव" अशी सुरुवात केली. मागची मुलं हसली. ताई म्हणाली, "अगं, शुद्ध बोल." ती ताई वाईट नव्हती, पुढे रोज सकाळी माझी वेणी तिनंच घातली. पण त्यानंतर तीन दिवस मी विचारल्याशिवाय बोलले नाही.

गेल्या वर्षी माझ्या गटात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. दुसऱ्या रात्री बॅटरी घेऊन फेरी मारताना बघितलं, तर सगळे झोपलेले आणि हा अंथरुणावर बसलेला. पिशवी भरून, बंद आवळून मांडीवर घेतलेली. मी विचारलं, "काय झालं रे, घरची आठवण येते का?" नुसती मान हलवली. दोनतीनदा विचारलं, काही नाही. मग माझ्याही नकळत तोंडातून गेलं, "काय व्हयनं रे भो? ये, आठे बठ."

लगेच म्हणाला, "माले घर जानं शे."

मग अर्धा तास थांबलाच नाही. घरची शेळी व्यायला टेकलेली, बाप ऊसतोडीची उचल फेडायला बाहेरगावी, माय एकटी, रात्री शेळीकडे कोण बघेल. सगळं सांगून झालं आणि पिशवी उशाला घेऊन झोपला.

दुसऱ्या दिवसापासून मी गटाशी अहिराणीत बोलायला लागले, तर दादानं बाजूला घेतलं. म्हणाला, "इथे तरी प्रमाण मराठीची सवय लागू दे. पुढे कॉलेजात हाल होतात." त्याचे पुण्यात झाले होते, हे मला माहीत आहे. माझेही झाले. म्हणून तिथे मला बोलता आलं नाही.

यंदाचं शिबिर पंधरा दिवसांवर आलंय. ज्याच्या हाताखाली वाढले, त्याला "हे मला पटत नाही" असं कसं सांगू? आणि मुळात माझं बरोबर आहे का?

अमळनेरकर काका

बेटा, मी ३१ वर्षं शिक्षकी केली, म्हणून दोन शब्द.

साने गुरुजी १९२४ मध्ये आमच्या अमळनेरला शिक्षक म्हणून आले. माणूस कोकणातला, पालगडचा. इथली बोली त्यांची नव्हती. वसतिगृहाची जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी मुलांची अंथरुणं आवरली, कपडे धुतले. मुलं जवळ आली ती त्यानं. तुझ्याकडे तर ती सेवा करायची संधीही आहे आणि वर मुलांची बोलीही आहे. ती कशाला गमावतेस?

दादाशी बोलायचं तर सगळ्यांच्या बैठकीत बोलू नकोस. चारचौघांत सांगितलं की माणूस आपलं म्हणणं धरून बसतो. एखादं काम दोघं मिळून करत असाल तेव्हा बोल. आणि वाद घालू नकोस, तुझी स्वतःची तीन दिवसांची गोष्ट सांग. त्याला ती माहीत नसेल.

यावलची

ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं, पण एक गोष्ट राहतेय. अहिराणी म्हणजे अख्खा खानदेश नव्हे. आमच्याकडे यावल-रावेरला लेवा गणबोली. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची कविता ह्याच बोलीतली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्या म्हणतील तसं उतरवून ठेवलं म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतरही ते शब्द आपल्यापर्यंत आले. कुणी "शुद्ध" करत बसलं असतं तर काय उरलं असतं?

आणि तुमच्या शिबिरात धडगाव-अक्राणीकडची पावरा आदिवासी मुलं येत असतील ना? त्यांना मराठीही परकी आणि अहिराणीही परकीच. तुम्ही गटाशी अहिराणीत बोलायला लागलात की त्या मुलांसाठी तुम्हीच "शुद्ध बोल" म्हणणाऱ्या ताई झालात. पहिल्याच दिवशी विचारा, घरी काय बोलता म्हणून.

धुळेकर

मी आठ शिबिरं दादा म्हणून केलीत, तीपण स्वतः शिबिरार्थी असलेल्या ठिकाणीच. तुमच्या शिबिरप्रमुखांची काळजी खोटी नाही. मुलाखतीत अडखळणारी आपली पोरं मी बघितली आहेत. आम्ही असं करायचो: सकाळची प्रार्थना, सूचना, ओळख मराठीत, आणि रात्रीच्या गोष्टी ज्याच्या त्याच्या बोलीत. ज्यानं रात्री अहिराणीत गोष्ट सांगितली, त्यालाच दुसऱ्या दिवशी ती मराठीत सांगायला लावायची. गोष्ट स्वतःचीच असल्यामुळे मूल अडखळत नाही. आणि हसणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचं, हे मात्र पक्कं ठेवा.

विषय सोडून एक: मे महिन्यात पायथ्याला पारा ४३-४४ च्या पुढे जातो. तोरणमाळ १,१०० मीटरच्या वर आहे, तिथे वारा लागतो म्हणून मुलं पाणी प्यायची विसरतात आणि खाली उतरल्यावर आडवी होतात. बारा ते चार कुणालाही उन्हात काढू नका. लिंबू-साखर-मीठ गटताईनं स्वतःजवळ ठेवायचं.

शहाद्याची लेक

शिबिर संपवून परवा घरी आले. सगळ्यांचे आभार, आणि काका, तुमचे जास्त.

शिबिराच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वरण-बट्टीची पातेली घासत होतो, तेव्हा दादाला सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, राख घेऊन तळ घासत राहिला. मग म्हणाला, "तू तीन दिवस गप्प होतीस ते आठवतंय मला. मला वाटलेलं तुला ताप आहे. कपाळाला हात लावून बघितलं होतं मी." मलाही तो हात आठवतो. तो कशासाठी होता, ते आत्ता कळलं.

रात्रीच्या गोष्टी बोलीत झाल्या. मराठीत परत सांगायचं निम्म्याच मुलांना जमलं, उरलेल्यांना मी ओढत बसले नाही. शेळीवाला यंदा आला नाही. निरोप धाडला होता, उत्तर नाही. हे मनाला लागून राहिलंय, पुढच्या महिन्यात त्याच्या गावी जाऊन येणार आहे.

यावलच्या ताई, तुम्ही म्हणालात ते तसंच झालं. माझ्या गटात पावरा मुलगी होती. विचारायचं ठरवूनही पहिल्या दिवशी गडबडीत तिच्याशी अहिराणीत बोलले. ती नुसती बघत राहिली.

पाचव्या दिवशी पळसाच्या पानांचे द्रोण करायला बसलो. माझं पान काडी घालताना दरवेळी फाटायचं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, शिरेच्या बाजूनं दुमडलं, काडी दोन बोटांत आडवी धरून एका दमात टाचली. मग द्रोण वर धरून तिच्या बोलीतला त्याचा शब्द सांगितला. मी म्हटला, तिनं मान हलवली. परत म्हटला, परत मान हलवली. चौथ्यांदा बरोबर आला.