मदत हवी आहे: ट्रान्स फॅट बंद म्हणजे घरचं तूपही बंद का?

निशिगंध
बाबांच्या डिस्चार्ज कार्डवर आहारापुढे 'ट्रान्स फॅट पूर्ण वर्ज्य' एवढंच लिहिलंय. नेटवर शोधलं तर तुपातही ट्रान्स फॅट असतं म्हणे. आई घरी लोणी कढवते, ती तूप बंद करायला तयार नाही. भाऊ खारीचा पुडा नाचवतोय, त्यावर 'ट्रान्स फॅट ० ग्रॅम' छापलंय. म्हणजे खारी चालेल आणि घरचं तूप नाही? उद्यापासून स्वयंपाक माझ्याकडे आहे, प्लीज लवकर सांगा.

सुलभामावशी
अगं, बाबांना झालंय काय ते तर लिही. वय किती? एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती आलं? आणि तूप किती खातात? वरणभातावरचं थेंबभर आणि पुरणपोळीबरोबरची वाटी यात फरक आहे.

कऱ्हाकाठ
सगळ्यात आधी रिफाइंड तेल फेकून द्या. खरं ट्रान्स फॅट त्यातच असतं. आमच्याकडे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणल्यापासून सगळ्यांची तब्येत उत्तम आहे.

तिरफळ
कऱ्हाकाठ, त्यांनी तेलाचं विचारलेलंच नाही. रिफाइंड करताना वास काढायला तेल खूप तापवतात, तेव्हा थोडं ट्रान्स तयार होतं हे खरं. पण वनस्पती तुपाशी, म्हणजे डालड्याशी, त्याची तुलना नको.

निशिगंध, ट्रान्स फॅट मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं. पहिलं कारखान्यातलं. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करतात, म्हणजे आपला डालडा, मार्गारिन, बेकरीतलं शॉर्टनिंग. यात एलाइडिक आम्ल जास्त असतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, असा दुहेरी फटका बसतो. दिवसभराच्या ऊर्जेपैकी २ टक्के यातून आली तर हृदयविकाराची जोखीम साधारण २३ टक्क्यांनी वाढते, असं २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात आहे.

दुसरं दुधातलं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, त्यात व्हॅक्सेनिक आम्ल जास्त. दुधाच्या स्निग्धांशात हे साधारण २ ते ५ टक्के, म्हणजे ५ ग्रॅमच्या छोट्या चमचाभर तुपात जास्तीत जास्त पाव ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० कॅलरीच्या आहाराला दिवसाला २.२ ग्रॅमच्या आत आहे.

पंतोजी
उलट दुधातलं ट्रान्स फॅट हृदयाला हितकारक असतं. देशी गाईचं ए-टू तूप खुशाल हवं तेवढं द्या.

तिरफळ
बहुधा स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसवलेल्या माणसाच्या घरी असा सल्ला देऊ नका. सारख्याच प्रमाणात खाल्लं तर दुधातलं ट्रान्सही कोलेस्टेरॉलचं गणित बिघडवतं, असं २०१० चं विश्लेषण सांगतं. संघटनेच्या मर्यादेतही दोन्ही प्रकार मोजतात. आपण ते थोडं खातो म्हणून त्रास दिसत नाही, इतकंच.

पंतोजी
स्टेंट कुठे म्हटलंय त्यांनी?

कऱ्हाकाठ
मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करत असाल तर तेही बंद करा.

निशिगंध
मायक्रोवेव्ह नाहीच आमच्याकडे! हो, स्टेंट एकच. वय ६८, एलडीएल १४२, गोळी चालू झालीय. तूप दोन्ही वेळा भातावर एकेक चमचा, आईचा चमचा म्हणजे पोह्याचा. आणि बाबा खारी पुड्यातली खातच नाहीत, कोपऱ्यावरच्या बेकरीची सुटी आणतात, रोज. तरी भाऊ पुडाच दाखवतोय.

सुलभामावशी
हेच आधी सांगायचं ना गं. आमच्याकडे दिवाळीच्या शंकरपाळ्यांना डालड्याचं मोहन असायचं, आता तुपाचं घालते. थोड्या कमी खुसखुशीत होतात, पण चालतात. तुमच्याकडे मोहन कशाचं?

तिरफळ
सुट्या खारीला लेबल नाही, त्यामुळे भावाच्या पुड्याचा इथे संबंध नाही. भारतात जानेवारी २०२१ ला तेल-तुपातल्या कारखानी ट्रान्सची मर्यादा ३ टक्के झाली, २०२२ पासून २ टक्के, आणि तेल-तूप घालून केलेल्या पदार्थांनाही ती लागू आहे. पण बेकरीवाला कोणता डबा वापरतो हे विचारल्याशिवाय कसं कळणार? डब्यावर 'अंशतः हायड्रोजनेटेड' दिसलं तर ती खारी घरात नको. शिवाय पुड्यावरचा शून्य नैसर्गिक ट्रान्स सोडून असतो, त्यामुळे खारी आणि तूप त्या आकड्यावरून तोलता येत नाहीत. हल्ली बऱ्याच बेकऱ्या पामतेल वापरतात. त्यात ट्रान्स कमी, पण संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) भरपूर, आणि त्यानेही एलडीएल वाढतं.

तुपाची अडचणही तीच, ट्रान्सची नाही. पोह्याचे दोन चमचे म्हणजे सहज २५ ग्रॅम तूप, त्यातलं जवळपास १५ ग्रॅम संपृक्त. स्टेंटनंतर एलडीएल ५५ च्या खाली आणायचं असतं. एवढं तूप रोज पोटात गेलं तर गोळीचं काम अवघड होतं. दिवसाकाठी एक छोटा चमचा चालेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून विचारा. आईला 'बंद' म्हणू नका, पोह्याचा चमचा तिच्यासमोर ठेवण्याऐवजी चहाचा ठेवा.

पंतोजी
तुपाशिवाय वरणभात म्हणजे शिक्षा आहे हो म्हाताऱ्या माणसाला.

सुलभामावशी
तो बंद करायला कोण म्हणतंय पंतोजी? वाचा तरी नीट.

निशिगंध
चहाच्या चमच्यावर आई कशीबशी तयार झाली. बेकरीत भावालाच पाठवलंय डबा बघायला. टोस्ट आणि चहात बुडवायचे बटर पण तिथलेच असतात, त्याचं काय करू?